दोन मेघांमधील सेतू

दक्षिण गोलार्धात निरभ्र रात्री ढगांच्या तुकड्यांसारखे दोन फिकट पुंजके आकाशात दिसतात. वाऱ्याने ते हलत नाहीत की विरत नाहीत. पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन याच्या नावावरून त्यांना मॅगेलनचे मेघ म्हणतात. कन्याकुमारीहून पाहिल्यास मोठा मेघ दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम १२ अंश वर येतो; उत्तर भारतातून तो दिसत नाही.

वस्तुतः हे मेघ म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांच्या दोन खुज्या दीर्घिका होत. मोठा मेघ आपल्यापासून सुमारे १ लक्ष ६० हजार प्रकाशवर्षे दूर आहे, तर लहान मेघ सुमारे २ लक्ष. त्या दोहोंमध्ये सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांचे अंतर आहे. ही जागा डोळ्यांना रिकामी भासते. परंतु थंड हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी बाहेर टाकतो. त्या लहरींचा माग घेत ऑस्ट्रेलियात हिंडमन, कर आणि मॅगी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन्ही मेघांना जोडणारा वायूचा पट्टा आढळला. हाच मॅगेलनचा सेतू.

हा सेतू कसा निर्माण झाला? चंद्राच्या आकर्षणाने सागराला भरती येते, हे सर्वांस ठाऊक आहे. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी हे दोन मेघ एकमेकांच्या अगदी निकट आले. तेव्हा मोठ्या मेघाच्या अशाच आकर्षणाने लहान मेघातील वायू ओढला गेला, असे गणिताने दिसून येते.

१९८५ मध्ये अर्विन, कुंकेल व डेमर्स यांना या सेतूत निळे तारे आढळले. तेही ओढले गेले असतील काय? प्रखर निळे तारे आपले इंधन उधळेपणाने जाळतात, म्हणून ते अल्पायुषी असतात. सेतूतील अतितरुण ताऱ्यांचे वय काही कोटी वर्षांहून अधिक नाही. मेघांची भेट झाली त्या वेळी ते अस्तित्वातच नव्हते. अर्थात त्यांचा जन्म सेतूतील वायूतच झाला असला पाहिजे.

सेतूत वृद्ध तारेही आहेत. ते मात्र लहान मेघातून ओढले गेलेले आहेत. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया या युरोपीय अवकाशयानाच्या मोजमापांवरून सेतूतील तारे लहान मेघाकडून मोठ्या मेघाच्या दिशेने सरकत असल्याचे दिसते.

तारे केवळ दीर्घिकांच्या पोटातच जन्मतात असे नाही, हे या सेतूने दाखवून दिले. दीर्घिकेपासून तुटलेला विरळ वायूही, पुरेसा एकवटला म्हणजे, नव्या ताऱ्यांना जन्म देऊ शकतो.