तेलाची विहीर खणताना खोलवर काय बिघडते? ते कसे सावरतात?



उन्हाळा आला की आपल्या पेठ वडगावच्या आसपास बोअरच्या गाड्या दिसू लागतात. वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग घालतात, मग काळ्या पाषाणात बिट उतरते आणि कॉम्प्रेसरची हवा दगडाचा चुरा वर फेकते. मुलांनी हे पाहिलेले असते. म्हणून ‘खनिज तेल’ शिकवताना सुरुवात इथूनच करावी.

“अजून खोल गेलं तर तेल लागंल का?” हा प्रश्न हमखास येतो. आपला पाषाण लाव्हा थंड होऊन झालेला आहे. तेल तयार होते ते गाळाच्या खडकात. महाराष्ट्राजवळचे मोठे उदाहरण म्हणजे मुंबई हाय. मुंबईपासून सुमारे १६० किमी अंतरावर, अरबी समुद्रात ‘सागर सम्राट’ या जहाजासारख्या रिगने १९७४ मध्ये तिथे तेल शोधले.

चिखलाचे काम

तेलविहिरीत हवेऐवजी खास कालवलेला चिखल वापरतात. त्याला ‘मड’ म्हणतात. तो पोकळ पाइपातून खाली जातो आणि पाइपाच्या बाहेरून चुरा घेऊन वर येतो. पण त्याचे सगळ्यात मोठे काम म्हणजे खडकातल्या तेल-वायूला वजनाने दाबून धरणे.

सोपे गणित बघा. पाण्याच्या १० मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे २००० मीटरवर पाण्याचा दाब २००. पाण्याच्या १.२ पट जड चिखल घेतला तर २४०. समजा तिथल्या वायूचा दाब २२० आहे. पाणी हरेल, चिखल जिंकेल. मग चिखल खूपच जड केला तर? खडकच फाटेल. थोडक्यात, हलका नको आणि फार जडही नको. खालच्या बहुतेक अडचणी हा तोल बिघडल्यानेच येतात.

नेहमीच्या चार अडचणी

१. भिंत ढासळणे किंवा फुगणे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खोलवरचे काही चिकणमातीचे थरही पाणी पिऊन फुगतात आणि भोक अरुंद होते. त्यासाठी चिखलात पोटॅशियम क्लोराइड हे क्षार घालतात किंवा तेलात कालवलेला चिखल वापरतात. धोक्याचा थर ओलांडला की केसिंग घालून सिमेंट भरतात.

२. चिखल गायब होणे. मुंबई हायचे तेल चुनखडीत आहे. चुनखडीत भेगा आणि पोकळ्या असतात. खाली पाठवलेला चिखल त्यात शिरतो आणि वर परत येतच नाही. मग चिखलाचे वजन कमी करतात, त्यात अभ्रकाचे पापुद्रे, टरफलांचा भुगा, तंतू असे भेगा बुजवणारे पदार्थ घालतात. तेही पुरले नाही तर सिमेंट.

३. पाइप अडकणे. पाइप एका जागी स्थिर राहिला की जड चिखल त्याला सच्छिद्र भिंतीवर दाबून चिकटवतो. म्हणून पाइप हलता-फिरता ठेवायचा, चुरा साचू द्यायचा नाही. तरी अडकलाच तर पाइपात आधीच बसवलेल्या ‘जार’ने खालून हातोड्यासारखे हादरे देतात. पाइप तुटून खाली राहिला तर त्या तुकड्याला ‘फिश’ आणि तो काढण्याला ‘फिशिंग’ म्हणतात! मुलांना हे फार आवडते. मासा हाती लागलाच नाही तर तो सोडून बाजूने नवे भोक पाडतात.

४. किक आणि ब्लोआउट. ही सगळ्यात घातक. चिखल हलका पडला, किंवा पाइप पिचकारीच्या दट्ट्यासारखा झटकन वर ओढला, तर वायू विहिरीत शिरतो. हीच किक. वर येताना दाब कमी होत जातो आणि वायू फुगतो. खाली तांब्याभर असलेला वायू वर येईपर्यंत पिंपभर होऊ शकतो. वेळेत आवरला नाही तर ब्लोआउट! जुलै १९८२ मध्ये मुंबई हायवर ‘सागर विकास’ रिगवर असाच ब्लोआउट होऊन आग लागली. आंध्र प्रदेशात पाशर्लपुडीला जानेवारी १९९५ मध्ये लागलेली वायूची आग विझायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागला.

खूण आधी मिळते

किक सहसा सांगून येते. पाठवला त्यापेक्षा जास्त चिखल परत येतो, टाकीची पातळी वाढते, पंप बंद केला तरी विहीर वाहतच राहते. अशा वेळी लगेच तोंडावरच्या दणकट झडपा, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर, बंद करतात. नंतर वायू थोडा थोडा सोडत जड चिखल आत भरतात. टाकीची पातळी बघणाऱ्या माणसाच्या लक्षावर सगळ्या रिगवरच्या लोकांचा जीव अवलंबून असतो. नोंद ठेवायची सवय मुलांना का लावायची, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

वर्गात करून बघा

सोड्याच्या प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या मोकळ्या जागी हलवा. एकीचे झाकण झटकन उघडा, दुसरीचे सैल-घट्ट करत हळूहळू. पहिली उसळेल, दुसरी शांत होईल. झाकण म्हणजे झडप, फेस म्हणजे किक. मग विचारा :

१. ३००० मीटरवर पाण्याचा दाब किती? १.२ पट जड चिखलाचा किती?
२. चिखल कमी परत आला तर खाली काय झाले असेल? जास्त आला तर?
३. पंप बंद आहे, तरी विहीर वाहते आहे. तुम्ही आधी काय कराल?

तिसऱ्याचे उत्तर “झडप बंद!” असे आले, की समजा धडा पोचला.