लाइट गेली की सोलर का बंद पडते?

वळीव येऊन जातो, पेठ वडगावात लाइट गेलेली असते, वर लख्ख ऊन पडते आणि छतावर तीन किलोवॉटची पॅनेल असलेल्या घरातही पंखा फिरत नाही. ‘सोलरवाल्याने फसवले’ असा निकाल गल्लीत लगेच लागतो.

फसवलेले नसते. महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइनचे व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची वारंवारता सतत पाहत असतो. लाइन मेली की तोही थांबतो. याचे कारण डीपीत आहे. डीपी ११ हजार व्होल्ट उतरवून घरांना देते, पण घरांकडून वीज उलटी गेली तर ती ११ हजारांपर्यंत चढवूही शकते. लाइन बंद आहे असे समजून वायरमन तेव्हा खांबावर चढलेला असतो. म्हणून केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणी नियमांत हे संरक्षण सक्तीचे आहे. ‘सेटिंग काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

‘मग बॅटरी लावली की झाले’ हेही अर्धेच खरे. त्याला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो आधी घर लाइनपासून तोडतो, मगच बॅटरीवर ठरावीक दिवे-पंखे चालवतो. पाण्याची मोटर त्यावर चालेलच असे नाही. पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर ठरते, बॅटरीवर नाही.

बिल शून्य येते? स्थिर आकार भरावाच लागतो. उरलेली युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात, ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्यांचे पैसे मिळतात. पण आपण युनिटला मोजतो त्यापेक्षा तो दर कमी असतो. वीज विकून कमवायचे म्हणून संच मोठा घेणे तोट्याचेच.

परवानगीला हेलपाटे घालावे लागतात, ही भीती मात्र आता जुनी झाली. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो आणि मंजूर भार कमी पडत असेल तर तो वीज कंपनीनेच वाढवायचा असतो. तरी अर्ज मंजूर झाला म्हणून लगेच बटण दाबू नये. नेट मीटर लागण्याआधी संच सुरू केला, तर काही जुने मीटर बाहेर गेलेली युनिटही वापरलेलीच धरतात आणि सोलर बसवून बिल वाढते.