गच्ची तापते, ढग जमतात!

उन्हाळ्यात रात्री दहा वाजता गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवून पाहा. सूर्य मावळून तीन तास झाले तरी फरशी गरमच लागेल. सिमेंट आणि डांबर दिवसभर शोषलेली उष्णता रात्री सावकाश परत सोडत असतात. शेतात तसे होत नाही. तेथे माती आणि पानांतल्या पाण्याची वाफ होताना बरीच उष्णता खर्ची पडते.

शहर भोवतालच्या गावांपेक्षा उबदार असते, हे प्रथम मोजून दाखवले लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी. व्यवसायाने औषधे बनवणाऱ्या या गृहस्थांनीच १८०२ साली ढगांना नावे दिली होती. १८१८ पासून प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या हवामानावरील ग्रंथात त्यांनी हा फरक नोंदवला आणि तो रात्री अधिक असतो, हेही सांगितले.

पण याचा पावसाशी काय संबंध? तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिची जागा घ्यायला भोवतालची हवा शहराकडे धावते आणि इमारतींना अडून तीही वर ढकलली जाते. वर गेली की ती थंडावते. तिच्यात पुरेशी वाफ असेल तर ढग तयार होतात. थोडक्यात, शहर पाणी निर्माण करत नाही, वाफेला वर जायला जिना देते.

पाऊस शेजाऱ्याच्या अंगणात

अमेरिकेतील सेंट लुईस शहराभोवती १९७१ ते १९७५ या काळात पर्जन्यमापक, रडार आणि विमानांच्या साह्याने याची तपासणी झाली. वारा शहरावरून ज्या बाजूला वाहत जातो, तेथे उन्हाळी पाऊस ५ ते २५ टक्क्यांनी जास्त आढळला.

धुराचे गणित मात्र वेगळे. हवेत सूक्ष्म कणांची गर्दी झाली की थेंब बारीकच राहतात. मग कधी पाऊस लांबतो, तर कधी ढग उंच वाढून पुढे जोराने कोसळतो.

म्हणून प्रत्येक महापुराचे खापर शहराच्या उष्णतेवर फोडणे बरोबर नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता! त्यामागे मुख्यतः जोरदार मोसमी वारे होते. पण पडलेले पाणी मुरायला जागा ठेवायची की नाही, हे आपल्याच हाती असते.

अंगणात फरशी घालताना थोडी माती मोकळी ठेवा, दारी एक झाड लावा, गच्चीला पांढरा चुना द्या. ढगांचे काय व्हायचे ते होवो, रात्री घरात झोप तरी सुखाची लागेल.