हात धरून शिकवायची विद्या

ऊस म्हटला की ब्राझीलचे नाव निघतेच. शेतकरी प्रशिक्षणात आम्ही त्या देशाचे दाखले नेहमी देतो. पण तिथल्या उसाच्या फडात पहिल्याने कोणाचा घाम मुरला, हे त्या दाखल्यांत नसते. त्याविषयी वाचता वाचता मी एका निराळ्याच विद्येपाशी येऊन पोहोचलो. तिचा पीकपाण्याशी संबंध नाही. पण शिकवण्याचे काम करणाऱ्या माणसाने तिच्याकडून घ्यावे असे पुष्कळ आहे. तिचे नाव कापोएरा.

गोव्यावर ज्यांनी राज्य केले त्या पोर्तुगिजांचीच ब्राझील ही वसाहत. ऊस आणि साखरेच्या घाण्यांसाठी, पुढे खाणी आणि कॉफीच्या मळ्यांसाठी, सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम करून तिथे उतरवली गेली. बाहिया प्रांतातले साल्वादोर शहर १७६३ पर्यंत त्या वसाहतीची राजधानी होते. या गुलामांमध्ये आणि त्यांच्या मुलाबाळांमध्ये कापोएरा वाढली. पाहणाऱ्याला वाटावे नाच चालला आहे, आणि वेळ आली तर त्याच नाचातून लाथ बसावी, अशी ही कला. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेल्यांना ना जमीन मिळाली, ना बैल. उलट १८९० च्या फौजदारी कायद्यात कापोएरा खेळणाऱ्याला दोन ते सहा महिने कैद लिहिली गेली. बेरिंबाव नावाच्या वाद्यावर घोड्याच्या टापांसारखा एक ठेका वाजवतात. घोडेस्वार पोलीस येत असल्याची सूचना त्या ठेक्यातून देत, असे जुने लोक सांगत.

हा बेरिंबाव पाहण्यासारखा आहे. बिरिबा नावाच्या झाडाची सरळ काठी धनुष्यासारखी वाकवून तिला तार लावायची. ही तार बहुधा मोटारीच्या जुन्या टायरमधून काढलेली असते. खाली वाळवलेला, पोकळ केलेला भोपळा बांधायचा. हा आपला कडू भोपळाच! पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेला सतारी-तंबोऱ्यांसाठी जातात, त्याच जातीचा वेल. वाजवणारा हा भोपळा पोटाशी धरून पुढेमागे करतो, तसा आवाज मोठा-लहान होतो.

खेळाच्या कोंडाळ्याला रोदा म्हणतात. रोदा म्हणजे चाक. दोघे खेळगडी आधी बेरिंबावाच्या पायाशी उकिडवे बसतात; त्याने परवानगी दिली की आत उतरतात. एकाने लाथ फिरवली की दुसरा खाली वाकून निसटतो आणि त्याच झोकात उलट लाथ फिरवतो. चांगला खेळाडू लाथ तोंडाजवळ नेऊन थांबवतो. मारू शकलो असतो एवढे दाखवले की पुरे. भोवतीचे नुसते बघे नसतात. कोणी डफासारखे पांदेइरो वाजवतो, कोणी टाळ्या धरतो, एकाने गाणे म्हटले की सर्वांनी ओढायचे. आज जो खेळला तोच घटकाभराने वाजवायला बसतो. म्हातारे, पोरे आणि आता बायकाही याच चाकात असतात.

शिकवणाऱ्याला ‘मेस्त्रे’ म्हणतात. आपला ‘मिस्त्री’ याच पोर्तुगीज शब्दावरून आलेला. साल्वादोरच्या मेस्त्रे बिंबांनी १९३२ मध्ये आपली तालीम उघडली. कायद्यात कापोएरा हा शब्दच गुन्हा असल्याने त्यांनी आपल्या कलेला ‘बाहियाची प्रादेशिक झुंज’ असे नाव दिले. १९३७ मध्ये शाळेला सरकारी मान्यताही मिळवली. शिकायला येणारा एक तर कामधंद्याला हवा नाहीतर शाळेत, ही त्यांची अट. आठ जोडडावांची मालिका त्यांनी बसवली होती. पण त्याआधी ते नवख्या पोराचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून त्याला झुलायला शिकवीत. या झुलण्याला जिंगा म्हणतात आणि सारी कापोएरा तिच्यावर उभी आहे.

हे वाचले आणि मला माझीच एक फजिती आठवली. एका गावी मी बीजप्रक्रियेवर तासभर बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेरणीच्या वेळी पाहतो, तर एकानेही केलेली नव्हती. पुढच्या वर्षी घमेल्यात बी आणि औषध घेऊन बसलो, हातमोजे घातले, दोघा-चौघांकडून तिथल्या तिथे करून घेतले. तेव्हा कुठे गोष्ट रुजली. बिंबांना हे सांगायला कोणते कृषी महाविद्यालय लागले नव्हते.

दुसरे मोठे गुरू पास्तिन्या. लहानपणी एका थोराड पोराकडून ते रोज मार खात. बेनेदितो नावाच्या आफ्रिकी म्हाताऱ्याने खिडकीतून हे पाहिले. पतंग उडवण्यात घालवतोस तो वेळ माझ्याकडे ये, असे सांगून त्याने या पोराला शिकवले. हाच पोरगा १९४१ पासून जुन्या वळणाच्या अंगोला कापोएराची शाळा चालवू लागला. १९६६ मध्ये सेनेगलची राजधानी डाकार येथे भरलेल्या मोठ्या कलामहोत्सवात ब्राझीलतर्फे त्यांना नेण्यात आले.

पास्तिन्यांचा एक शिष्य ‘धाकटा जुआंव’, म्हणजे जुआंव पेकेनो, आपल्यापैकीच म्हणावा असा. दुष्काळात गाव सोडून पायी निघालेला. मळ्यावर उसाच्या गाड्यांचे बैल हाकताना तिथल्या लोहाराकडून त्याने पहिले डाव उचलले. पुढे विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. तो २०११ मध्ये वारला.

गुरूंचे मात्र हाल झाले. बाहियात आधार मिळेना म्हणून बिंबा १९७३ मध्ये दूर गोयानियाला गेले आणि वर्षभरातच वारले. पास्तिन्यांच्या शाळेची जागा दुरुस्तीसाठी म्हणून रिकामी करून घेतली गेली. ती त्यांना परत मिळाली नाही. दृष्टी गेली, हाती पैसा नाही, अशा स्थितीत १९८१ मध्ये ते गेले.

२००८ मध्ये ब्राझील सरकारच्या वारसा खात्याने कापोएराची रोदा आणि मेस्त्रेंचे शिकवण्याचे काम, अशा दोन्हींची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. २०१४ मध्ये रोदा युनेस्कोच्या यादीत आली. २००८ च्या नोंदीबरोबर काही शिफारशी होत्या. बिरिबाच्या झाडांची तोड आणि जपणूक नीट आखावी, ही त्यातली एक. तिथे मी थोडा वेळ थांबलो, सवयच ती. दुसरी शिफारस होती वृद्ध मेस्त्रेंना निवृत्तिवेतन मिळावे अशी. तोवर पास्तिन्यांना जाऊन २७ वर्षे झाली होती.