खिडकीभोवती पाण्याची वाट

पावसाळ्यापूर्वी कोकणात घर शाकारताना तुम्ही पाहिले आहे का? कौले लावणारा माणूस आढ्यापासून सुरुवात करीत नाही. तो वळचणीपासून सुरू करतो आणि वर वर सरकत जातो. त्यामुळे वरचे प्रत्येक कौल खालच्या कौलावर चढते आणि पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरत जमिनीवर पडते. हाच साधा नियम अमेरिकेत व कॅनडात घराला खिडकी बसवताना पाळावा लागतो. तो चुकला तर काय होते, ते आज पाहू.

तिकडची बरीच घरे लाकडी सांगाड्याची असतात. सांगाड्यावर प्लायवूडसारखे तक्ते ठोकतात, तक्त्यांवर जलरोधक कापड ताणतात आणि सर्वांत बाहेर विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, आडव्या पट्ट्या बसवतात. विनाइलमधून पाणी झिरपत नाही. मग भिंतही जलरोधक झाली, असे तुम्ही म्हणाल. पण तसे होत नाही! याचे कारण उष्णतेच्या धड्यात आहे.

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की विनाइलची लांबी दर मीटरला सुमारे ०.०६ मिलिमीटरने वाढते. पट्टी ३.८ मीटर लांब आहे आणि हिवाळ्यातील उणे १५ अंशांपासून उन्हात तापल्यावर ४० अंशांपर्यंत तिचे तापमान बदलते, असे धरा. फरक ५५ अंशांचा. गुणाकार केला तर लांबीतील बदल सुमारे १२.५ मिलिमीटर येतो. तेवढ्याच लाकडी फळीत उष्णतेने होणारा बदल जेमतेम १ मिलिमीटर असतो. म्हणून विनाइलच्या पट्टीला खिळ्यांसाठी लांबट भोके ठेवलेली असतात. खिळा भोकाच्या मध्यावर मारतात आणि त्याचे डोके पट्टीला टेकू देत नाहीत. सुमारे १ मिलिमीटर फट सोडतात. खिळा घट्ट ठोकला, तर उन्हात पट्टीला सरकायला जागा उरत नाही व ती फुगून वाकडी होते.

पट्ट्या अशा सैल टांगलेल्या असल्यामुळे वाऱ्याबरोबर पावसाचे थोडे पाणी त्यांच्या मागे जातेच. ते बाहेर पडावे म्हणून पट्ट्यांच्या खालच्या कडेला बारीक छिद्रेही असतात. थोडक्यात, विनाइल ही छत्री आहे. खरा रेनकोट म्हणजे आतले कापड. खिडकीसाठी आपण भोक पाडतो, ते या रेनकोटालाच.

आता कामाचा क्रम पाहा. आधी त्या जागेच्या पट्ट्या सोडवतात. भोकाच्या वर, भार पेलण्यासाठी, लाकडी तुळई घालतात. मग भोकाच्या तळाला जलरोधक चिकटपट्टी लावतात. त्यानंतर खिडकी बसवून तिच्या चौकटीभोवतीच्या कडपट्टीतून खिळे मारतात. पुढे दोन्ही बाजूंच्या कडपट्ट्यांवर चिकटपट्टी आणि शेवटी माथ्यावर. माथ्यावरचे कापड आधीच वर उचलून ठेवलेले असते. ते आता चिकटपट्टीवरून खाली सोडतात. कौलांचाच नियम! तळाची कडपट्टी मात्र चिकटवून बंद करीत नाहीत. चुकून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला ती वाट लागते.

मग खिडकीभोवती इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची विनाइलची पन्हळ लावतात. माथ्याच्या पन्हळीची टोके कापून त्यांची जीभ बाजूच्या पन्हळींत खाली वाकवतात. शेवटी पट्ट्या पुन्हा बसवताना पन्हळीच्या आत सुमारे ६ मिलिमीटर जागा मोकळी ठेवतात. कडाक्याच्या थंडीत काम असेल, तर थोडी अधिक. कारण तेव्हा पट्टी आखडलेली असते.

इतका खटाटोप कशासाठी? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९८० व १९९० च्या दशकांत बांधलेल्या अनेक सदनिकांच्या भिंतींत पाणी मुरले. तेथे बाहेरून विनाइल नव्हते, बहुतेक ठिकाणी गिलावा होता. पण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची पुरेशी वाट नव्हती. आतले लाकूड बुरशीने कुजले. १९९८ साली प्रांताचे माजी प्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. दुरुस्तीच्या खर्चाचा मोठा बोजा साध्या घरमालकांवर पडला. पाणी आत आले एवढाच तो दोष नव्हता. ते आत अडकून राहिले, हा मोठा दोष होता.

हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता. एका तिरप्या फळीवर टिपकागद लावा. त्यावर प्लॅस्टिकचे दोन तुकडे असे ठेवा की वरचा खालच्यावर दोन सेंटिमीटर चढेल. वरून कपभर पाणी हळूहळू ओता. मग कोरडा टिपकागद घेऊन खालचा तुकडा वरच्यावर चढवा आणि तेवढेच पाणी ओता. दोन्ही टिपकागद शेजारी ठेवून वर्गात दाखवा.

जाता जाता एक प्रश्न. अनेक इमारतींत खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूस, कडेजवळ, एक लांब खाच असते. ती नसती, तर छज्ज्यावरून ओघळणारे पाणी कोठे गेले असते? पाऊस सुरू असताना खिडकीत उभे राहून उत्तर शोधा.