झाडाचे चित्र: कागदावर की पडद्यावर?

जुन्नरजवळच्या हिवऱ्यात एकेकाळी सरकारी वनस्पतिबाग होती. ती आणि पुण्याजवळची दापोडीची बाग डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन पाहत. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून दीडशेवर रंगीत चित्रे काढून घेतली. गिब्सनसाहेबांचे नाव राहिले, चित्रकाराचे राहिले नाही! चित्रे एडिंबरोला आहेत. २००२ साली हेन्री नोल्टी यांनी ती ग्रंथात छापली.

आता गुरुजी म्हणतील, मोबाईलवर फोटो मिळतात, मग चित्रे कशाला? शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी घ्या. पावसाळ्यात तिला पाने असतात. पुढे ती गळून नुसते मांसल खोड उरते. फोटो एका दिवसाचा. चित्रकार मात्र पानांची फांदी, बोडकी फांदी, फूल आणि शेंग शेजारी शेजारी मांडतो.

असे चित्र पडद्यावर पाहिले तर बिघडत नाही. फुलाचा बारकावा मोठा करून साऱ्या वर्गाला दाखवता येतो, आणि महाग ग्रंथ शाळेला परवडतात कुठे? थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा जुना ग्रंथ तर आज संगणकावर फुकट वाचायला मिळतो. पण मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर अख्खे पान एका नजरेत मावत नाही. शिवाय आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या रानात, कित्येक ठिकाणी रेंजच नसते. तिथे छापील पुस्तक उघडून फांदीशेजारी धरावे. पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी तेवढी न्या.

माकुडी दिसली तर उपटू नका, ती दुर्मिळ आहे. मुलांना तिथेच बसवून वहीत चित्र काढायला लावा.