सकाळची पोटदुखी आणि बालवाडीतली वही

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, की आमच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येऊ लागते. मूल तीन-चार वर्षांचे असते, नुकतेच बालवर्गात घातलेले. सकाळी उठले की त्याच्या पोटात दुखते. कधी दूध प्यायल्याबरोबर उलटी होते. शाळेची वेळ टळून गेली की दुखणे आपोआप थांबते. रविवारी तर पोटाची आठवणही नसते.

मागच्या वर्षी अशीच एक चार वर्षांची मुलगी आई आणि आजीसोबत आली होती. दृष्ट काढून झाली होती, ओवा-हिंग झाले होते, जंताचे औषधही देऊन झाले होते. मी पोट तपासले, लघवी तपासून घेतली, वजन-उंची पाहिली. सारे व्यवस्थित होते. "शाळेत काय काय करतेस गं?" असे विचारल्यावर मुलगी आईच्या पदरामागे गेली. उत्तर दिले ते आजीने. "काय करणार डॉक्टरसाहेब, लिहिते. शाळेतबी लिहिते अन् घरी आल्यावरबी लिहिते."

आईने पिशवीतून वही काढून दाखवली. पानभर एकच अंक गिरवलेला. खोडरबर घासून घासून दोन ठिकाणी कागद फाटलेला. आई म्हणाली, "हिच्या वर्गातल्या मुली शंभरपर्यंत काढतात, डॉक्टर. ही आत्ताच मागं पडली तर पुढं कसं व्हायचं?"

त्या माउलीची काळजी खोटी नव्हती. म्हणूनच आज औषधाऐवजी या वहीबद्दल आणि मूल बालवाडीत दिवसभर काय करते याबद्दल लिहितो आहे. लहान मुलाच्या प्रकृतीशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

पोटदुखी हे सोंग नव्हे

प्रथम पोटदुखीबद्दल. भीती वाटली, मनावर ताण आला, की मेंदूकडून आतड्यांना जाणारे संदेश बदलतात. आतड्यांची हालचाल बिघडते आणि मुलाला खरोखरच कळ येते. 'नाटकं करतोस' म्हणून त्याला रागावणे अन्यायाचे आहे.

मात्र प्रत्येक पोटदुखी शाळेच्या माथी मारू नये. रात्री झोपेतून उठवणारी कळ, घटणारे वजन, ताप, वारंवार होणारी किंवा हिरवट उलटी, शौचावाटे रक्त, लघवीची जळजळ, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, यांपैकी काहीही असेल तर मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवावे. बद्धकोष्ठ हेही अगदी नेहमीचे कारण आहे. अशी सारी कारणे नाहीत अशी खात्री झाल्यावरच शाळेकडे वळावे.

चार वर्षांचा हात

आपल्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सारी कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखी लवचिक असतात आणि हळूहळू टणक होत जातात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात साधारणपणे तीन-चारच हाडे दिसतात. बाकीची अजून घडायची असतात. केवळ हाडामुळे मुलाला लिहिता येत नाही असे नव्हे. बोटांच्या बारीक स्नायूंवर ताबा यावा लागतो, डोळा आणि हात यांचा मेळ बसावा लागतो. पण हा हात अजून तयार होतो आहे, एवढे त्यावरून ध्यानात यावे. अशा हाताला रोज तासभर पेन्सिल धरायला लावणे म्हणजे कोवळ्या रोपाला फळाची घाई करणे आहे.

मग हा हात तयार कसा होतो? मातीचा गोळा मळताना पंजाला बळ येते. मणी ओवताना चिमटीची पकड पक्की होते, आणि पुढे पेन्सिल धरायची असते ती याच चिमटीत. चिंचोके एकीकडे आणि सागरगोटे दुसरीकडे असे निवडताना मूल सारखेपणा आणि वेगळेपणा ओळखते. गणिताचा पाया तिथे आहे. एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतताना कमी-जास्त कळते. गोष्ट ऐकताना 'मग पुढे काय झाले असेल?' या प्रश्नाला उत्तर देताना भाषा वाढते. भातुकलीत 'तू आई, मी डॉक्टर' असे ठरले की आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, मनाला आवर घालावा लागतो. मोठ्यांना जो निव्वळ खेळ वाटतो, तो मुलाचा अभ्यासच असतो.

येथे डॉक्टर म्हणून एक इशारा देतो. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी, चिंचोके, शेंगदाणे, हरभरे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जिवावर बेतते. त्याहून मोठी मुलेही अशा वस्तूंशी खेळत असतील तर मोठ्या माणसाची नजर हवीच.

'मागे पडेल' ही भीती

प्रत्येक पालकाच्या मनात हीच भीती असते. तिला संशोधनाने काय उत्तर दिले आहे ते पाहू.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलँटी या गावी १९६७ साली गरीब घरांतील ६८ मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाला शिक्षक पाठ आखून सरळ शिकवीत. दुसऱ्या गटातील मुले आज काय करायचे ते शिक्षकांच्या मदतीने स्वतः ठरवीत, करीत आणि मग त्यावर बोलत. तिसऱ्या गटात मोकळ्या खेळावर भर होता. सुरुवातीला तिन्ही गटांची बौद्धिक चाचण्यांतील प्रगती जवळपास सारखीच झाली. म्हणजे खेळणारी मुले मागे पडली नाहीत. फरक पुढे दिसला. तेविसाव्या वर्षी पाहणी केली तेव्हा, सरळ शिकवलेल्या गटातील ४७ टक्के मुलांना शालेय वयात भावनिक अडचणींसाठी उपचार घ्यावे लागले होते, असे आढळले. इतर दोन गटांत हे प्रमाण ६ टक्के होते. मुलांची संख्या थोडी असल्याने या आकड्यांवरून टोकाचा निष्कर्ष काढू नये. पण घाई केल्याने मोठा लाभ पदरात पडतो, याला तरी त्यातून आधार मिळत नाही.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ आणि असर सेंटर यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातील सुमारे १४ हजार मुलांचा वयाच्या चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत माग ठेवला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक अंगणवाड्यांत मुले नुसती सांभाळली जात होती, तर बहुतेक खासगी बालवर्गांत पहिलीचा अभ्यास आधीच उरकला जात होता. वयाला साजेसे खेळ आणि उपक्रम दोन्हीकडे थोडेच होते. ते जिथे होते, तिथली मुले शाळेसाठी अधिक चांगली तयार झाली होती. तेव्हा प्रश्न अंगणवाडी की इंग्रजी बालवर्ग हा नाहीच. आत काय चालते, हा आहे.

खाऊ आणि खेळ

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात दोन वर्षांचा एक कुपोषित मुलगा माझ्याकडे येत असे. मी त्याच्या आईला खाण्यापिण्याचे सविस्तर वेळापत्रक लिहून दिले. तिने ते निष्ठेने पाळले. वजन वाढले, मी खूश झालो. पण दर खेपेला ती म्हणे, "खातो हो, पण बोलत नाही, खेळत नाही." मी म्हणे, "अंगात ताकद येऊ द्या, बोलेल." त्याच्याशी घरात दिवसभर कोण बोलते, त्याच्या हाती खेळायला काय असते, हे मी कधी विचारलेच नाही. नंतर समजले की आई-बाप मजुरीला जात आणि मुलगा दिवसभर ओसरीवर एकटा बसून असे.

पुढे जमैका देशातील किंग्स्टन शहरातला एक अभ्यास वाचनात आला आणि माझे डोळे उघडले. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये उंची खुंटलेली १२९ मुले निवडली. त्यांचे वय ९ ते २४ महिने होते. काही मुलांना दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्य कार्यकर्ती जाऊन घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे हे आईला दाखवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी पाहता दूध आणि खेळ, दोहोंचाही मुलांच्या विकासाला फायदा झाला होता, आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे होती. वीस वर्षांनी पाहिले तर लहानपणी ज्यांच्याशी खेळले गेले होते त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती. दुधाचा तेवढा टिकाऊ परिणाम दिसला नाही. याचा अर्थ आहार कमी महत्त्वाचा असा नव्हे. एका हाताने टाळी वाजत नाही, एवढेच.

तामिळनाडूत अलीकडे याचीच दुसरी बाजू दिसली. तिथल्या ३२० अंगणवाड्यांचा एक प्रयोग झाला. त्यांतल्या काही अंगणवाड्यांना केवळ मुलांना शिकवण्या-खेळवण्यासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा दिली. दीड वर्षाने पाहता मुलांच्या उपक्रमांचा वेळ दुप्पट झाला होता, भाषा आणि गणित सुधारले होते. शिवाय खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषण यांचे प्रमाणही घटले होते, कारण आधीच्या सेविकेला आहार आणि आरोग्याच्या कामाला सवड मिळाली. वजन घ्या, पोषण आहार वाटा, सर्वेक्षण करा, नोंदी भरा, आणि वर मुलांनाही खेळवा, हे सारे एकट्या सेविकेकडून होत नाही. आपल्या गावातली सेविका चुकते आहे असे म्हणण्यापूर्वी तिच्यावर कामे किती आहेत हे जरूर मोजावे.

घरचाच वारसा

हा विचार आपल्याला परका नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हे नाव त्यातूनच आले. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून परिसरातल्या बिया, पाने, खडे हीच साधने झाली. देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोचले. नाव पोचले, बियांची टोपली मात्र पुष्कळ ठिकाणी वाटेतच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

बालवाडी कशी पारखावी?

पालकांनी बालवाडीत अर्धा तास थांबून एवढे पाहावे :

१. मुलांचा आवाज ऐकू येतो की फक्त बाईंचा?

२. मुलांच्या हाताशी खेळण्याच्या वस्तू आहेत की त्या कपाटात कुलूपबंद आहेत?

३. मुले दिवसातून किमान एकदा उघड्यावर धावतात का?

४. रोज गोष्ट किंवा गाणे होते का, आणि मुलांना त्यावर बोलू देतात का?

५. पिण्याचे पाणी झाकलेले आहे का, हात धुण्याची सोय आणि मुलाला एकट्याने जाता येईल असे स्वच्छतागृह आहे का?

६. रडणाऱ्या मुलाला कोणी जवळ घेते का?

या यादीत वही नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. वही पहिलीत येईल. ती कुठे पळून जात नाही.

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगतो. वर्षाची फी भरून झाली होती, वडील शाळा बदलायला तयार नव्हते. मी आईला एवढेच सांगितले की बाईंना भेटा आणि घरचे लिखाण थांबवायची विनंती करा. ती बिचकत गेली. बाईंचे उत्तर ऐकून ती चकित झाली. बाई म्हणाल्या, "अहो, मलाही नको वाटतं. पण वह्या भरल्या नाहीत की पालकच विचारायला येतात."

त्या मुलीचे घरचे लिखाण बंद झाले. संध्याकाळी आजीसोबत तांदूळ निवडणे, मेथी मोडणे, कणकेचे हत्ती-घोडे करणे सुरू झाले. पोटदुखी एका दिवसात गेली नाही. तिला महिना-दीड महिना लागला, आणि वर्गात चाचणी असली की ती अजून अधूनमधून डोके वर काढते. पण आता ती दवाखान्यात आली की पदरामागे लपत नाही. माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप मागते आणि आजीला तपासते.

वाचकहो, येत्या पालकसभेला आपण जाल तेव्हा एक करा. 'आमचे मूल किती लिहिते?' असे विचारण्याऐवजी 'आमचे मूल काय काय खेळते?' असे विचारा. कितीतरी बाई हाच प्रश्न कोणी विचारील म्हणून वाट पाहत असतील.